‘टॉर्च’चा कागद आणि सुनेचा दोष

विहारातली बायांची बैठक संपली आणि एक सासूबाई पदराआडून कागद काढत आमच्याजवळ आल्या. सुनेचा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता. खासगी लॅबमध्ये ‘टॉर्च’ तपासणी झाली, मजुरीचे पैसे गेले, आणि एका ओळीखाली लाल रेघ आली. ‘‘सिस्टर, हिच्या रक्तातच किडा हाय म्हणत्यात. म्हणून लेकरू टिकंना.’’ सून दारातच उभी होती, मान खाली घालून.

ती ओळ सायटोमेगॅलोव्हायरसची, म्हणजे सीएमव्ही या विषाणूची होती. पुढे लिहिलेलं: आयजीजी पॉझिटिव्ह. आम्ही म्हटलं, ‘‘मावशी, तुमचं रक्त तपासलं तर बहुतेक असंच येईल. आमचंही.’’ आपल्या देशात बहुतेक मोठ्या माणसांना हा विषाणू लहानपणीच होऊन गेलेला असतो. थोडा ताप येतो, कधी काहीच कळत नाही. मग तो जन्मभर अंगात झोपून राहतो. आयजीजी ही त्या जुन्या लागणीची खूण. गर्भ त्यामुळेच पडला, असं त्या ओळीवरून ठरत नाही.

बीडच्या बायांना पिशवीवरून घाबरवणं नवं नाही. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणून कागदावर काय लिहिलंय ते डॉक्टरांना खोदून विचारायचं.

पण आजार खोटा नाही. जगात साधारण २०० बाळांमागे एक बाळ सीएमव्ही घेऊन जन्मतं, आणि अशा पाचातल्या एकाला पुढे त्रास राहतो: ऐकू न येणं, डोकं लहान राहणं, झटके, वाढ मागे पडणं. आईला गरोदरपणातच पहिल्यांदा लागण झाली, तर तिघींतल्या एकीच्या बाळापर्यंत ती पोचते. आधी होऊन गेलेली असेल तर धोका खूपच कमी, पण झोपलेला विषाणू जागा होऊ शकतो, किंवा त्याचाच दुसरा प्रकार बाहेरून येऊ शकतो.

तो येतो मुख्यतः लहान लेकरांच्या लाळेतून आणि लघवीतून. लेकरू धडधाकट दिसतं, खेळतं, आणि महिनोन्‌महिने विषाणू बाहेर टाकत राहतं. म्हणजे संबंध येतो आईचा, अंगणवाडीच्या सेविकेचा, मदतनीसताईचा, फडावर कोपीत भावंडं सांभाळणाऱ्या पोरीचा. दवाखान्यात नीट हात धुणाऱ्या नर्सला बाहेरच्या बाईपेक्षा जास्त धोका नसतो, असं अभ्यास सांगतात. आम्ही नोकरीत होतो तिथे मात्र हातमोजे आम्हाला मिळत आणि शी-शू काढणाऱ्या मावशींना नाही. त्यातली एक मावशी पाच महिन्यांची पोटुशी होती. आम्ही तेव्हा गप्प बसलो, ते अजून टोचतं.

गरोदर बाईने लंगोट बदलला, शेंबूड-लाळ पुसली की साबणाने हात धुवायचे. कोपीवर पाणी कमी असतं, तरी एक तांब्या आणि साबणाचा तुकडा पुरतो. लेकराचं उष्टं खायचं नाही, त्याचा चमचा तोंडात घालायचा नाही, पापा तोंडाचा न घेता डोक्याचा घ्यायचा. कडेवर घेणं सोडू नका. दिवस भरून जन्मलेल्या बाळाला अंगावर पाजणंही थांबवायचं नाही, या विषाणूसाठी तर नाहीच.

लस अजून नाही. जन्मलेलं बाळ खूपच बारीक, पिवळं, अंगावर जांभळे ठिपके असलेलं असेल, किंवा कानाच्या तपासणीत नापास झालं असेल, तर पहिल्या २१ दिवसांतच लघवी किंवा लाळ तपासायला सांगा. नंतर लागण पोटातली की जन्मानंतरची, ते सांगणं अवघड होतं. काही बाळांना औषध देता येतं, पण ते पहिल्या महिन्यातच सुरू झालेलं बरं. कधी जन्मतः ऐकू येतं आणि वर्ष-दोन वर्षांनी कान जातात. ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणून थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा.

सासूबाईंनी कागदाची घडी घातली. ‘‘मग पडला कशानं?’’ आम्ही सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांत तरी बीजातच जुळणीची चूक असते, त्यात बाईचा दोष नाही. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग दाराकडे बघून म्हणाल्या, ‘‘ये गं, बस हितं. उभी कशाला राह्यलीस?’’