संधिप्रकाशातील हरणांची शिकार आणि रायफलवरील दुर्बिणीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

हरीण हा प्रामुख्याने पहाटे व तिन्हीसांजेच्या वेळी चरावयास बाहेर पडणारा प्राणी आहे. ज्या देशांत हरणांची शिकार कायद्याने नियंत्रित आहे, तेथे परवानाधारक शिकाऱ्याचा बराचसा वेळ मचाणावर बसून या दोन वेळांची वाट पाहण्यात जातो. मध्य युरोपात, विशेषतः जर्मनीत, अशा शिकारीची परंपरा मोठी आहे. तेथील वार्षिक शिकार-नोंदींत केवळ रो या लहान जातीच्या हरणांची संख्या दहा लाखांहून अधिक असते. ही हरणे रोपांचे कोवळे शेंडे खातात व त्यामुळे जंगलाची नैसर्गिक वाढ खुंटते. म्हणून त्यांची संख्या मर्यादित ठेवणे हा तेथील वनव्यवस्थापनाचा एक भाग मानला जातो.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस बंदी आहे. साहजिकच प्रस्तुत विवेचन मुख्यतः मध्य युरोपाच्या, आणि तुलनेसाठी ब्रिटन व अमेरिकेच्या संदर्भात आहे. तथापि, मंद प्रकाशात वापरावयाच्या दुर्बिणीची निवड हा प्रश्न प्रकाशशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व कायदा या तीन ज्ञानशाखांच्या सीमेवर उभा असल्याने तो अभ्यासकांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. अधिक विशालनाची व मोठ्या भिंगाची दुर्बीण ती अधिक चांगली, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज कोठवर टिकतो आणि निवडीचा खरा निकष कोणता, याचा विचार येथे केला आहे.

१. संधिप्रकाशाची कायदेशीर मर्यादा :

सूर्यास्तानंतर किती वेळ शिकार करता येते, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवितो. अमेरिकेत टेक्सास राज्यात हरणांच्या शिकारीची वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरीणविषयक कायद्यानुसार सूर्यास्तानंतर एक तासाने ‘रात्र’ सुरू होते व सूर्योदयापूर्वी एक तासाने ती संपते. या काळात विशेष परवान्याशिवाय हरीण मारता येत नाही. जर्मनीच्या संघराज्य शिकार कायद्यातील कलम १९ च्या मूळ तरतुदीनुसार ही मर्यादा दीड तासाची आहे. रानडुकरांना तीतून वगळले आहे आणि घटक राज्यांना काही बाबतींत वेगळे नियम करता येतात.

या आकड्यांचा अर्थ सूर्याच्या स्थितीवरून स्पष्ट होतो. विषुवदिनाच्या सुमारास टेक्सासमध्ये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सूर्य क्षितिजाखाली सुमारे ७ अंश असतो. जर्मनीत दीड तासाने तो सुमारे १५ अंश खाली गेलेला असतो. सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंत उघड्यावरची नित्याची कामे दिव्याशिवाय करता येतात. १२ अंशांनंतर समुद्रावरील क्षितिजरेषाही स्पष्ट दिसेनाशी होते. म्हणजे टेक्सासमधील शिकाऱ्याला कायदा बऱ्यापैकी उजेडातच थांबवितो, तर जर्मन शिकाऱ्याला तो जवळजवळ काळोखापर्यंत मोकळीक देतो. शिवाय उत्तरेकडील अक्षांशांवर संधिप्रकाशाचा काळही मोठा असतो. सूर्यास्तापासून सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंत विषुवदिनी ५० अंश उत्तर अक्षांशावर सुमारे ३२ मिनिटे लागतात. मुंबईच्या अक्षांशावर त्यासाठी सुमारे २२ मिनिटेच पुरतात. ८ × ५६ ही मंद प्रकाशासाठी नावाजलेली दुर्बीण झाईस, श्मिट उंड बेंडर, स्वारोव्स्की यांसारख्या जर्मन व ऑस्ट्रियन निर्मात्यांच्या यादीत दीर्घकाळ का राहिली, याचे उत्तर बऱ्याच अंशी या कायद्यात व भूगोलात सापडते.

२. मानवी डोळा आणि मंद प्रकाश :

दुर्बिणीतून येणारा प्रकाश शेवटी डोळ्याच्या बाहुलीतूनच दृष्टिपटलावर पोहोचतो. अंधारात तरुण व्यक्तीची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. वय वाढते तशी ही क्षमता घटते. साठीच्या सुमारास पुष्कळांची बाहुली ५ मिलिमीटरपर्यंतच, काहींची त्याहूनही कमी उघडते. व्यक्तिपरत्वे यात बराच फरक असतो.

दृष्टिपटलावरील शंक्वाकार पेशी रंग व बारीक तपशील टिपतात, परंतु त्यांना पुरेसा उजेड लागतो. दंडाकार पेशी अत्यल्प प्रकाशातही काम करतात. मात्र त्यांना रंग कळत नाही व तपशीलही अस्पष्ट दिसतो. दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी दंडाकार पेशी नसतात, म्हणून गडद अंधारात वस्तूकडे थेट रोखून पाहिल्यास ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. या पेशींना अंधाराशी पूर्णतः जुळवून घेण्यास सुमारे अर्धा तास लागतो आणि एखाद्या प्रखर दिव्याकडे क्षणभर पाहिले तरी ही तयारी बिघडते. यांतील कोणतीही उणीव महागडी दुर्बीण घेतल्याने भरून निघत नाही.

३. विशालन, वस्तुभिंग आणि प्रकाशवर्तुळ :

८ × ५६ या संख्यांपैकी पहिली विशालन व दुसरी वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शविते. दुसऱ्या संख्येस पहिलीने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. दुर्बीण हातभर अंतरावर धरून उजेडाकडे रोखली, तर नेत्रभिंगात हे लहान तेजस्वी वर्तुळ प्रत्यक्ष दिसते. काही प्रचलित मापांसाठी त्याचा व्यास पुढीलप्रमाणे येतो :

६ × ४२ : ७ मिलिमीटर
८ × ५६ : ७ मिलिमीटर
३–९ × ४०, विशालन ९ असताना : सुमारे ४.४ मिलिमीटर
३–९ × ४०, विशालन ६ असताना : सुमारे ६.७ मिलिमीटर
३–१२ × ५६, विशालन १२ असताना : सुमारे ४.७ मिलिमीटर

प्रकाशवर्तुळ बाहुलीपेक्षा लहान असेल, तर दृश्य नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून अंधुक होते. ते बाहुलीपेक्षा मोठे असेल, तर जादा प्रकाश बाहुलीच्या कडेवर पडून वाया जातो. ज्याची बाहुली ५ मिलिमीटरच उघडते, अशा शिकाऱ्याने ८ × ५६ वापरली तर वस्तुभिंगाचा मधला ४० मिलिमीटरचा भागच त्याच्या उपयोगी पडतो. त्याला ८ × ४२ पुरेशी आहे, किंवा ५६ मिलिमीटरच्या भिंगावर विशालन ११ पर्यंत वाढविणे अधिक फलदायी आहे. मोठ्या प्रकाशवर्तुळाचा एक फायदा मात्र वयोवृद्धासही मिळतो : डोळा किंचित इकडेतिकडे झाला तरी दृश्य लगेच कापले जात नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. दुर्बीण प्रकाश ‘गोळा करून’ हरीण अधिक उजळ दाखविते, असे म्हटले जाते. वस्तुतः पसरट वस्तूचा पृष्ठभाग कोणत्याही भिंगाच्या दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांपेक्षा अधिक उजळ दिसू शकत नाही. फार तर तेवढाच उजळ दिसतो. मग दुर्बिणीतून संध्याकाळी अधिक का दिसते? कारण तीच उजळता मोठ्या आकाराच्या प्रतिमेत मिळते. मंद प्रकाशात दृष्टिपटल शेजारशेजारच्या अनेक पेशींचे संदेश एकत्र करून वस्तूचा माग घेत असते. त्यामुळे प्रतिमा जितकी मोठी, तितकी ती पार्श्वभूमीपासून वेगळी ओळखता येते. अतएव विशालनही हवे आणि प्रकाशवर्तुळही बाहुलीच्या मापाचे हवे. या दोन गरजांचा मेळ ज्या विशालनावर बसतो, तेच त्या व्यक्तीसाठी योग्य विशालन होय.

४. संधिप्रकाश गुणांकाची मर्यादा :

विक्रीपत्रकांतून ‘संधिप्रकाश गुणांक’ ठळकपणे छापलेला असतो. विशालन व वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हा गुणांक. ८ × ५६ साठी तो सुमारे २१.२ येतो. परंतु केवळ या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ६ × ४२ चा गुणांक सुमारे १५.९ आणि १० × २५ चा सुमारे १५.८ येतो. कागदावर दोन्ही समान आहेत. प्रत्यक्षात पहिलीचे प्रकाशवर्तुळ ७ मिलिमीटरचे, तर दुसरीचे अवघे २.५ मिलिमीटरचे असते. तिन्हीसांजेला दुसरी जवळजवळ निरुपयोगी ठरते. शिवाय काचेचा व लेपाचा दर्जा या गुणांकात येतच नाही.

५. काचेवरील लेप :

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे १० पृष्ठभाग असतील, तर केवळ ६६ टक्क्यांच्या आसपास प्रकाश पलीकडे पोहोचतो. १९३५ मध्ये जर्मनीतील झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा पातळ लेप विकसित केला. पुढे अनेक थरांचे लेप आले. प्रत्येक पृष्ठभागावरील हानी अर्ध्या टक्क्यावर आणली, तर १० पृष्ठभागांतून सुमारे ९५ टक्के प्रकाश पार होतो. काचेतील शोषण धरूनही आजच्या चांगल्या दुर्बिणी ९० टक्क्यांच्या पुढे जातात.

परंतु ९० व ९२ टक्के यांतील फरक डोळ्यास जाणवत नाही. भटक्या प्रकाशावरील नियंत्रण अधिक महत्त्वाचे असते. पश्चिमेकडील आकाश अजून उजळ असताना जंगलाच्या काळ्या कडेवर नेम धरावयाचा झाल्यास, हलक्या दुर्बिणीत सर्व दृश्यावर धुरकट पडदा पसरतो आणि हरीण त्यात हरवते. दुकानातील दिव्यांच्या प्रकाशात हा दोष कळत नाही. म्हणून दुर्बिणीची परीक्षा सूर्यास्तानंतर, झाडांच्या सावलीकडे पाहूनच केली पाहिजे.

६. नेमरेषा :

हरीण दिसले, पण काळ्या अंगावर काळी रेषा दिसेनाशी झाली, तर नेम धरता येत नाही. म्हणून जर्मन परंपरेत तीन बाजूंनी जाड व मध्यभागी बारीक अशी ‘क्रमांक ४’ ची नेमरेषा रूढ झाली. जाड दांड्यांमुळे नजर आपोआप केंद्राकडे जाते. केंद्रस्थानी लाल प्रकाशबिंदू असलेल्या नेमरेषाही आता सर्रास मिळतात. अशा बिंदूची तीव्रता अगदी खालच्या पातळीपर्यंत उतरविता येणे आवश्यक आहे. अन्यथा त्याच्याच झगमगाटात लक्ष्य झाकोळते.

बदलत्या विशालनाच्या दुर्बिणीत नेमरेषा कोणत्या प्रतलात बसविली आहे, हेही पाहावे लागते. पहिल्या प्रतलातील रेषा विशालनाबरोबर जाड होते. त्यामुळे संध्याकाळी विशालन वाढविताच ती अधिक ठळक दिसते. दुसऱ्या प्रतलातील रेषेची जाडी कायम राहते, म्हणून ती लक्ष्याचा कमी भाग झाकते. याखेरीज ५६ मिलिमीटरचे भिंग रायफलच्या नळीवर उंच बसवावे लागते. गाल दस्त्यावर नीट टेकत नसेल, तर डोळा अक्षावर स्थिर राहत नाही आणि घाईच्या क्षणी नेम चुकतो.

७. ओळख पटविण्याचा प्रश्न :

वरील सर्व तांत्रिक बाबींचा हेतू एकच आहे : चाप ओढण्यापूर्वी समोर काय आहे, हे निश्चित कळणे. जर्मनीत पिलांच्या संगोपनासाठी आवश्यक असलेल्या मातापित्यांची त्या काळात शिकार करणे कायद्याने निषिद्ध आहे. पाडस उंच गवतात बसलेले असेल, तर मादी एकटीच असल्याचा भास होतो. रो जातीच्या नराची शिंगे शरद ऋतूच्या अखेरीस गळतात. त्यानंतर नर-मादीतील फरक पार्श्वभागावरील पांढऱ्या डागाच्या आकारावरून व मादीच्या त्या डागाखालील केसांच्या झुबक्यावरून ओळखावा लागतो. हे तपशील हरणाची काळी आकृती दिसत राहिल्यानंतरही बऱ्याच आधी डोळ्यांआड होतात.

दुसरा प्रश्न हरणामागे काय आहे, हा होय. गोळी हरणाच्या शरीरातून पार होऊन पुढे जाऊ शकते. उंच मचाणावरून खालच्या दिशेने झाडलेली गोळी मातीत रुतते, हे खरे. पण काळोखात मागची वाट, तीवरून जाणारा माणूस किंवा दुसरे जनावर दिसत नाही. तिसरा प्रश्न जखमी जनावराचा. गोळी लागताच हरणाची हालचाल कशी झाली, यावरून जखमेचा अंदाज घेतात. संध्याकाळी नळीच्या तोंडाशी होणाऱ्या लखलखाटाने शिकाऱ्याचे डोळे दिपतात आणि नेमका तोच क्षण निसटतो. मग रात्री प्रशिक्षित कुत्र्याच्या साहाय्याने माग काढणे, किंवा जनावराला सकाळपर्यंत वेदनेत सोडणे, एवढेच उरते.

याच कारणास्तव शोध घेण्याचे व ओळख पटविण्याचे काम हातातील दुर्बिणीने करावे, रायफलवरील दुर्बिणीने नव्हे, असा दंडक आहे. रायफलवरील दुर्बीण जिकडे वळते तिकडे नळीही वळते. आणि अनोळखी हालचालीकडे भरलेली रायफल रोखणे हाच अपघाताचा आरंभ असतो.

समारोप :

संधिप्रकाशासाठी दुर्बीण निवडताना आपल्या प्रदेशातील कायद्याची वेळ, आपल्या बाहुलीचा आकार, त्यास अनुरूप प्रकाशवर्तुळ, लेपाचा दर्जा व नेमरेषेची ठळकता या क्रमाने विचार करणे युक्त ठरते. जेथे कायदा अर्ध्या तासातच थांबवितो, तेथे ४० किंवा ४२ मिलिमीटरचे भिंग व ६ च्या आसपासचे विशालन बहुधा पुरते. जेथे दीड तासाची मुभा आहे, तेथे ५६ मिलिमीटरचे भिंग सार्थ ठरते. तथापि त्या मुदतीचा शेवटचा भाग चांदणे किंवा बर्फ नसताना कोणत्याही भिंगाच्या आवाक्याबाहेरच राहतो.

हीच सूत्रे भारतातही उपयोगी आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अभयारण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद घेतली जाते. तेथे ७ × ५० ची जुनी दुर्बीण १० × २५ च्या नव्या, आटोपशीर दुर्बिणीपेक्षा उपयुक्त का ठरते, हे वरील गणितावरून कळते.

कायदा घड्याळाने मर्यादा आखतो, तर डोळ्याची मर्यादा त्या दिवसाच्या ढगांनुसार व त्या व्यक्तीच्या वयानुसार बदलते. या दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य आहे. चांगल्या दुर्बिणीमुळे ओळख पटविण्यास काही मिनिटे अधिक मिळतात. ती संपल्यावर रायफल रिकामी करून मचाणावरून उतरण्याचा निर्णय मात्र शिकाऱ्यालाच घ्यावा लागतो.