गाडी वळणाला का चुकते?



2024 च्या जून महिन्यात, उलव्यात, माझ्या मोटारीनं एका वळणावर वळायला चक्क नकार दिला. खारकोपर स्टेशनवरून घरी येत होतो. मागच्या सीटवर मुलगी होती, शेजारी तिचं दप्तर. विमानतळाचं काम तेव्हा जोरात चाललेलं, त्यामुळे डंपरांनी सांडलेली माती रस्त्यावर होती आणि तिच्यावर पावसाची पहिली सर येऊन गेलेली. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पण गाडी आपली नाकासमोर चालली! घाबरून आणखी फिरवलं, तरी उपयोग शून्य. शेवटी ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला, वेग उतरला, तेव्हा कुठे तिनं नाक वळवलं. दुभाजक हातभर लांब राहिला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला वळायचं नव्हतं का?"

मी गणिताचा मास्तर, मोटारीचा नव्हे. पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

या दोषाला मोटारवाले 'अंडरस्टिअर' म्हणतात. चाकं जितकी वळवावीत, त्या मानानं गाडी कमी वळते आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरकते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत हा स्वभाव जास्त. आपल्याकडच्या जुन्या गाड्या, म्हणजे ॲम्बॅसॅडर किंवा आपल्या कुर्ल्यात बनणारी पद्मिनी, मागच्या चाकांनी ढकलल्या जात. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढून ओढणारी गाडी घरोघरी झाली. इंजिन आडवं टाकून पुढचीच चाकं फिरवायची ही युक्ती इंग्लंडात 1959 साली 'मिनी' मोटारीनं लोकप्रिय केली होती. गाडी आटोपशीर होते, मागे माणसांना जागा मिळते, किंमतही आवाक्यात राहते. आज आपल्या शिक्षकबंधूंनी घेतलेली छोटी गाडी बहुधा याच जातीची असते.

आता बैलगाडी आठवा. ओढणारे बैल आणि वळवणारेही बैलच. चढावर भरल्या गाडीचे बैल छाती फुटेस्तोवर ओढत असताना तुम्ही कासरा खेचून त्यांना एकदम वळवू पाहाल, तर ते वळतील का? पुढच्या चाकांचं तेच आहे. ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांनीच उचलायचा. शिवाय इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे, म्हणून रिकाम्या गाडीचं साधारण 60 टक्के वजन त्यांच्याच डोक्यावर.

टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे खिशातला एक रुपया समजा. ओढण्यात 80 पैसे खर्च केले तर वळायला किती उरतात? तुम्ही म्हणाल 20. नाही, 60 उरतात! कारण ओढ आणि वळण या काटकोनातल्या दिशा आहेत, आणि इथे पायथागोरसचा हिशेब चालतो. 60 पैशांची ओढ असेल तर वळायला 80 शिल्लक, 30 ची असेल तर 95. शिक्षकांनी हे फळ्यावर वर्तुळ काढून मुलांना जरूर दाखवावं. पण पूर्ण रुपया ओढण्यात किंवा ब्रेकमध्ये गेला, की वळायला एक छदामही उरत नाही. जुन्या गाड्यांत करकचून ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी सरळ घसरत जाते, त्याचं कारण हेच.

वेगाचा हिशेब याहून कडक आहे. 50 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 40 किलोमीटरनं घेताना टायरला गाडीच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढा जोर आडवा लावावा लागतो. तेच वळण 60 नं घ्या, तर निम्म्याहून जास्त. वेग दीडपट, पण जोर सव्वादोनपट. आणि ओल्या रस्त्यावर झिजल्या टायरची सगळी पुंजीच वजनाच्या निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे कर्नाळ्याच्या खिंडीत उन्हाळ्यात सहज निघणारा वेग जुलैत तुम्हाला निसरड्यावर नेऊन सोडील.

यावरचा पहिला उपाय अगदी फुकटातला आहे. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावा. वळणात पाय हलका ठेवा, आणि गाडी सरळ होऊ लागली की मगच वेग द्या. तरीही नाक बाहेर जायला लागलं तर स्टिअरिंग आणखी पिळू नका, माझी चूक तीच झाली. उलट ते किंचित सैल सोडा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा. एकदम झटक्यात काढलात तर वजन पुढे झुकून शेपूट फिरण्याची भीती असते.

त्या प्रसंगानंतर मी एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसानं रुंद टायर आणि चकचकीत अलॉय चाकं सुचवली. आकडा ऐकून मी चहा अर्धा सोडून घरी आलो. मग स्वतःच वाकून टायर पाहिले. टायरच्या बाजूला लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. माझ्या पुढच्या टायरांवर 3015 होतं. म्हणजे 2015 सालचा तिसावा आठवडा! नक्षी बरी दिसत होती, पण रबर वाळून कडक झालेलं. जुनी गाडी घेणाऱ्यानं इंजिनाआधी हे आकडे वाचावेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. त्यात हवा 24 पौंड, आणि दाराच्या खांबावरची चिठ्ठी सांगत होती 33. हवा कमी असली की टायरची भिंत वळणात दुमडते आणि चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे अशी गत होते.

हवा मोजायचं मीटर काही शे रुपयांत मिळतं. ते घरी ठेवा आणि टायर थंड असताना, सकाळीच मोजा. आणखी एक गंमत सांगतो. नक्षी संपून टायरची भिंत सुरू होते तिथे खडूची आडवी रेघ ओढा आणि मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात चार-सहा वळणं घेऊन या. रेघ भिंतीवर खालपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे. खडू आपल्याजवळ असतोच!

त्याबरोबर अलाइनमेंट करून घ्या आणि त्याच फेरीत बुश, बॉलजॉइंट व शॉकअब्सॉर्बर तपासायला सांगा. पुढचा बुश ढिला असेल तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. पाठीमागे जाड आडवी दांडी बसवणं, स्प्रिंगा कापणं, असले शर्यतवाल्यांचे उद्योग मात्र आपल्यासाठी नव्हेत. जाड दांडीनं गाडी चपळ होते, पण ती पुढची पकड फारशी वाढवत नाही, मागची कमी करते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत.

आता थोडा उलटा वाटणारा मुद्दा. पैसे दोनच नव्या टायरांचे असतील तर ते कुठे लावाल? मीही म्हणालो, पुढे. पण ते चूक आहे. नवे टायर मागेच हवेत. नाक सरळ गेलं तर पाय हलका करून साधारण माणूसही गाडी सावरतो. पण पाण्यात मागची चाकं सुटून गाडी गरकन फिरली, तर भल्याभल्यांना ती आवरत नाही. कारखानदार गाडीला मुद्दामच थोडा अंडरस्टिअर ठेवतात, तो याचसाठी. तो समूळ घालवायचा नसतो, आटोक्यात आणायचा असतो.

म्हणून मी 2015 सालचे दोन्ही टायर भंगारात दिले, मागचे बरे होते ते पुढे आणले आणि नवे मागे चढवले. पुढच्याच आठवड्यात, भर पावसात, खारकोपरहून येताना तेच वळण ताशी 30 नं घेतलं. मुलगी मागे बसून गणिताची वही चाळत होती. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.