गूगल मॅपवरील तुमच्या दुकानाचा ताबा कोणाकडे? मोफत नोंदणीचा फायदा कसा घ्यावा?

‘जवळचे गॅरेज’ किंवा ‘आता सुरू असलेले मेडिकल’ असे मोबाइलवर शोधले, की नकाशाखाली दोन-तीन नावे सर्वांत वर येतात. घाईत असलेला ग्राहक बहुधा त्यातल्याच एकाला फोन लावतो. त्या यादीत आपले दुकान का नाही, हा अनेक व्यावसायिकांचा प्रश्न असतो. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. इंटरनेटवर आपल्या दुकानाची जी माहिती दिसते, ती बदलण्याचा अधिकार सध्या कोणाकडे आहे?

ही नोंदणी म्हणजे नेमके काय?

पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांवर व्यावसायिकांची यादी असे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलने ती फोनवर आणली. त्याच वर्षी सुरू झालेल्या इंडियामार्टने कारखानदार आणि घाऊक खरेदीदार यांना जोडले. आज ग्राहकाच्या हाती सर्वांत आधी येते ती गूगलवरील नोंद. २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ नावाने आलेली ही सेवा २०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणून ओळखली जाते. तिचे वेगळे अॅप आता बंद आहे. प्रोफाइल थेट गूगल सर्च किंवा मॅपमधूनच सांभाळता येते. नोंदणी पूर्णपणे मोफत आहे.

नोंदणी केली नाही, तरी दुकान दिसते ते कसे?

मॅपवरील अनेक नोंदी मालकांनी केलेल्या नसतात. गूगल सार्वजनिक स्रोतांतून माहिती घेते आणि सामान्य वापरकर्तेही नवीन ठिकाण जोडू शकतात. वेळ, फोन नंबर, पत्ता यांत बदल सुचवण्याची सोयही कोणालाही आहे. ‘हे ठिकाण कायमचे बंद झाले’ असेसुद्धा कोणी कळवू शकतो. एखादी चुकीची सूचना मान्य झाली, तर सुरू असलेले दुकान ग्राहकाला बंद दिसते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

याचा गैरफायदा भामटेही घेतात. बँकांच्या नोंदींवरील फोन नंबर बदलून तिथे स्वतःचे नंबर टाकल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. ग्राहक बँकेला फोन करतोय असे समजून कार्डाची माहिती भामट्याला देत होता. नोंदीवर लक्ष ठेवणे हा म्हणूनच केवळ जाहिरातीचा विषय नाही.

ताबा कसा घ्यायचा?

गूगल मॅपवर आपल्या दुकानाचे नाव शोधावे. नोंद कोणाच्याच ताब्यात नसेल, तर ‘हा व्यवसाय तुमचा आहे का’ अशा अर्थाचा पर्याय दिसतो. तो निवडल्यावर पडताळणी होते. ती फोन, एसएमएस, ईमेल किंवा व्हिडीओने होऊ शकते. पद्धत गूगल ठरवते. व्हिडीओ मागितल्यास तो सलग असावा लागतो. आजूबाजूचा रस्ता, दुकानाची पाटी, आतला माल किंवा यंत्रे आणि आपण मालक असल्याची खूण, म्हणजे किल्लीने शटर उघडणे किंवा बिलिंग मशिन वापरणे, हे सगळे त्यात दिसायला हवे.

जुन्या नोकराने किंवा एखाद्या एजन्सीने नोंद आधीच स्वतःच्या ईमेलवर घेतलेली असेल, तर ताबा मिळावा म्हणून विनंती करता येते. समोरच्याला उत्तर देण्यासाठी तीन दिवस मिळतात. उत्तर आले नाही, तर स्वतः पडताळणी करण्याचा पर्याय मिळू शकतो. प्रोफाइल निलंबित झाल्यास अपील करता येते. गुमास्ता परवाना, जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिल अशी कागदपत्रे त्यासाठी हाताशी ठेवावीत. त्यावरील नाव-पत्ता प्रोफाइलशी जुळायला हवा.

वर कोणाचे नाव येते?

गूगलच्या सांगण्यानुसार तीन गोष्टी पाहिल्या जातात : ग्राहकाने जे शोधले त्याच्याशी व्यवसाय किती जुळतो, तो किती अंतरावर आहे आणि किती परिचित आहे. अंतर दुकानदाराच्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टींवर मात्र काम करता येते. पैसे भरून या यादीतील क्रमांक विकत घेता येत नाही. जाहिरात देता येते, पण ती जाहिरात म्हणून वेगळी दाखवली जाते.

काय भरावे, काय टाळावे?

मुख्य कॅटेगरी अचूक निवडावी. फक्त केक करणाऱ्याने ‘रेस्टॉरंट’ निवडले, तर केक शोधणाऱ्यापर्यंत तो पोहोचणे अवघड होते. वेळा खऱ्या असाव्यात. दुपारी दोन तास दुकान बंद असेल, तर तसे नोंदवावे. गणपती, दिवाळीसाठी विशेष वेळा आधीच भरता येतात. नकाशावरील खूण गल्लीच्या तोंडाशी नको, दुकानाच्या दारावर हवी. पाटीचे आणि आतले ताजे फोटो टाकावेत. गूगल, जस्टडायल, स्वतःचे फेसबुक पान अशा सर्व ठिकाणी नाव, पत्ता आणि फोन एकच असावा.

नावात ‘बेस्ट’, ‘स्वस्त’, ‘नंबर वन’ असे शब्द घुसवू नयेत. पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर असावे, असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडल्यास प्रोफाइल निलंबित होऊ शकते. ग्राहकाच्या घरी जाऊन काम करणाऱ्या प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनला घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. असे २० पर्यंत परिसर नोंदवता येतात.

रिव्ह्यू विकत घेतले तर?

सवलत किंवा भेटवस्तू देऊन रिव्ह्यू लिहून घेणे नियमबाह्य आहे. २०२३ या एका वर्षात नियमभंग करणारे १७ कोटींहून अधिक रिव्ह्यू रोखले किंवा हटवले, असे गूगलने जाहीर केले होते. भारतातही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे ऐच्छिक मानक आणले. सरळ मार्ग असा, की खऱ्या ग्राहकाला रिव्ह्यूची लिंक किंवा क्यूआर कोड द्यावा. वाईट रिव्ह्यूला शांतपणे, थोडक्यात उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचा ग्राहक जास्त बारकाईने वाचतो.

‘पहिल्या नंबरवर आणतो’ असा फोन आला तर?

‘गूगलकडून बोलतोय, पैसे भरा नाहीतर तुमची नोंद काढली जाईल’ असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवावा. पडताळणीचा कोड कोणालाही सांगू नये. काम एजन्सीला द्यायचे असेल, तर तिला ‘मॅनेजर’ म्हणून जोडावे. मुख्य मालकी स्वतःच्या ईमेलवरच ठेवावी. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

इतर ठिकाणी पैसे भरावेत का?

जस्टडायल, इंडियामार्टवर मोफत नोंद करता येते. वर दिसण्यासाठी किंवा ग्राहकांच्या जास्त चौकशा मिळण्यासाठी सशुल्क पॅकेज असते. ते घेण्याआधी आपला ग्राहक कुठून येतो, हे पाहावे. सुटे भाग बनवणाऱ्या भोसरीतील कारखान्याला इंडियामार्ट उपयोगी पडेल, कोपऱ्यावरच्या सलूनला नाही. गूगल प्रोफाइलच्या अहवालात किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला आणि कोणते शब्द शोधून ते पोहोचले, हे दिसते. महिन्यातून एकदा हे आकडे पाहावेत. त्याच वेळी नंबर, वेळा आणि नकाशावरील खूण कोणी परस्पर बदलली नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी.