आधी छताचा हिशेब, मग यंत्राची खरेदी

आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपलीकडे चढतो, तर हिवाळ्याच्या पहाटे तो ५ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणून येथे शाळा वा आरोग्य केंद्र बांधताना इमारतीतून किती उष्णता काढावी लागेल व किती पुरवावी लागेल, या दोन्हींचा हिशेब आवश्यक ठरतो. यांसच शीतन-भार व तापन-भार म्हणतात.

समजा, एका वर्गाचे छत ५० चौरस मीटर आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकास, सुमारे ३ वॉट उष्णता जाते. उन्हामुळे २० अंशांचा फरक धरल्यास ३,००० वॉट आत येतात. ४० विद्यार्थ्यांच्या शरीरांची सुमारे ४,००० वॉट उष्णता त्यांत मिळते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र साधारण ३,५०० वॉट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे भिंती व खिडक्या न मोजताच दोन टन लागले! हिवाळ्यात १५ अंशांच्या फरकाने त्याच छतातून २,२५० वॉट ऊब निसटते.

संगणकाच्या आज्ञावली हाच हिशेब वर्षातील ८,७६० तासांसाठी मांडतात. परंतु छताची माहिती चुकीची भरल्यास उत्तरही चुकते.

विद्यार्थी कमी करता येत नाहीत. छताचा भार मात्र कमी करता येतो. पांढरा लेप ऊन परतवितो, तर विटांच्या तुकड्यांचा थर दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो. तेलंगण शासनाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या शीतल छत धोरणाने शासकीय इमारतींना अशी छते बंधनकारक केली. जेथे यंत्रच नाही, तेथे हा सारा भार मुलांनाच सोसावा लागतो, हे विसरून चालणार नाही.