एकल मालकी की प्रायव्हेट लिमिटेड? : औषधालयचालकांसाठी करविचार

औषधालयाचा पसारा वाढू लागला की ‘आता कंपनी करा, कर वाचेल’ असा सल्ला वैद्यांना हमखास मिळतो. हा सल्ला सरसकट स्वीकारण्याजोगा नाही. कर वाचणे अथवा वाढणे हे मुख्यतः नफ्याचा विनियोग कसा होणार, यावर अवलंबून असते.

एकल मालकीत व्यवसाय आणि मालक कायद्याने एकच. नफा मालकाच्या उत्पन्नात धरला जातो व त्यावर टप्प्याटप्प्याने कर बसतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. २४ लाखांपुढील उत्पन्नास ३० टक्के दर आहे. कंपनी मात्र स्वतंत्र करदाता आहे. सवलतीचा २२ टक्के दर स्वीकारल्यास अधिभार व उपकरासह तिला २५.१६८ टक्के कर पडतो, तोही पहिल्या रुपयापासून. संचालक-वैद्याचे वाजवी वेतन मात्र कंपनीला खर्च म्हणून वजा करता येते.

उदाहरण पाहू. वार्षिक नफा ४० लाख रुपये असल्यास एकल मालकाचा कर उपकरासह ८,११,२०० रुपये होतो. कंपनीने संचालकास १२.७५ लाख वेतन दिले, तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळून त्या वेतनावर कर नाही, उरलेल्या २७.२५ लाखांवर कंपनी ६,८५,८२८ रुपये भरते. म्हणजे सुमारे सव्वा लाखाची बचत. परंतु करोत्तर शिल्लक लाभांश म्हणून घरी नेली, तर २०२०-२१ पासून लाभांश भागधारकाच्या हाती करपात्र असल्याने एकूण कर सुमारे १२.६० लाखांवर जातो. बचत टिकते ती नफा कंपनीतच राहून यंत्रसामग्री, साठा वा नवी शाखा यांत गुंतला तरच.

एकल मालकास आणखी एक सोय आहे. वैद्यकीय व्यवसायाची वार्षिक प्राप्ती ५० लाखांपर्यंत (रोखीचा वाटा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) असल्यास निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. सविस्तर हिशेबवह्यांची सक्ती राहत नाही. कंपनीला ही अनुमानित पद्धत उपलब्ध नाही. उलट, उलाढाल कितीही अल्प असली तरी तिला लेखापरीक्षण व वार्षिक विवरणपत्रे अनिवार्य आहेत.

गल्ल्यातून गरजेप्रमाणे उचल करण्याची आपली सवय कंपनीत महागात पडते. दहा टक्के वा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाने खासगी कंपनीकडून घेतलेले कर्ज, संचित नफ्याच्या मर्यादेत, लाभांश मानले जाऊ शकते.

वस्तू व सेवा कराच्या दरात मात्र स्वरूपाने फरक पडत नाही. सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवर दोहोंस ५ टक्केच दर आहे. तथापि कंपनी केल्यास पॅन व नोंदणी नव्याने घ्यावी लागते आणि औषधनिर्मितीचा परवानाही कंपनीच्या नावे असावा लागतो.

तात्पर्य, नफ्याचा बहुतांश भाग घरखर्चास लागत असेल, तर एकल मालकीच हितावह. नफा व्यवसायातच गुंतवायचा असेल, भागीदार घ्यायचे असतील वा दायित्व मर्यादित ठेवायचे असेल, तर कंपनीचा विचार करावा. निर्णयापूर्वी आपल्या सनदी लेखापालाकडून मागील तीन वर्षांच्या आकड्यांवर दोन्ही गणिते मांडून घ्यावीत.