संगणकावरून ई-मेल बाहेर जात नाही तेव्हा

बेळगाव व निपाणी परिसरातील शाळा, वाचनालये आणि सहकारी संस्था यांचा पत्रव्यवहार दोन दिशांनी चालतो. शाळेची मान्यता, जमिनीचा उतारा, शिधापत्रिका या कामांसाठी तो बेळगाव व बंगळूरकडे जातो. उच्च शिक्षण, ग्रंथव्यवहार, नातेसंबंध व व्यापार यांसाठी कोल्हापूर, पुणे व मुंबईकडे. निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगर व तेथील देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात मोडते, म्हणजे गावातील विद्यार्थी वर्गात जाण्यासाठी राज्याची हद्द ओलांडतो. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे, तेथील रहिवाशांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाल्यानंतर दाखले आणि खुलासे यांची ये-जा आणखी वाढणे स्वाभाविक होते. या पत्रव्यवहाराचा मोठा भाग आता ई-मेलने होतो.

टपालाने पाठविलेले पत्र पेटीत पडले की नाही, हे डोळ्यांना दिसते. ई-मेलचे तसे नाही. ‘पाठवा’ या अर्थाचे बटण दाबले, पत्र समोरून नाहीसे झाले, की काम झाले अशी समजूत होते. प्रत्यक्षात ते पत्र त्याच संगणकाच्या ‘आउटबॉक्स’ नावाच्या कप्प्यात दिवसेंदिवस पडून असते. अर्जाची मुदत त्या अवधीत टळून जाते व अर्जदाराला त्याचा पत्ता पुढच्या महिन्यात लागतो.

याबाबत कायदा काय म्हणतो, ते प्रथम ध्यानात घेणे इष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ अन्वये, उभय पक्षांत निराळे ठरले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक-साधनात शिरतो त्या क्षणी तो ‘पाठविला’ असे मानले जाते. आउटबॉक्समधील पत्र हे पाठविणाऱ्याच्याच ताब्यात असल्यामुळे ते या अर्थाने पाठविलेलेच नसते, मग बटण कितीही वेळा दाबलेले असो. मुदतीच्या वादात हा भेद निर्णायक ठरू शकतो. याच कलमाप्रमाणे पत्र पाठविणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून निघाले असे धरले जाते. मधला सर्व्हर मुंबईत असो वा परदेशात, निपाणीच्या संस्थेचे पत्र निपाणीचेच राहते.

येणारी वाट आणि जाणारी वाट

संगणकावर बसविलेले थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारखे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना नेहमी पडणारा प्रश्न असा की, पत्रे येतात तर मग जात का नाहीत? याचे कारण या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत. आलेली पत्रे ‘पॉप’ किंवा ‘आयमॅप’ या पद्धतीने उतरवून घेतली जातात. जाणारी पत्रे ‘एसएमटीपी’ या पद्धतीने दुसऱ्या सर्व्हरच्या स्वाधीन केली जातात. या पद्धतीचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने लिहून ठेवले. त्या काळी जाळ्यावरील संगणक थोडे व एकमेकांच्या ओळखीचे होते. त्यामुळे पत्र आणून देणारा कोण, हे विचारण्याची सोय मूळ नियमांत नव्हती. जाहिराती व फसवणुकीच्या पत्रांचा पूर आल्यावर ओळख विचारणे, बंद लिफाफ्यातूनच पत्र स्वीकारणे असे पहारे एकेक करून बसविण्यात आले. आज पत्र अडते ते बहुधा यांपैकी एखाद्या पहाऱ्यावर.

तपासणी सोप्या बाजूने सुरू करावी. प्रोग्रॅम ‘ऑफलाइन’ ठेवला गेला आहे काय, हे आधी पाहावे. चुकून दाबलेल्या एका चिन्हामुळे तो जाळ्यापासून तुटून राहतो आणि पत्रे मुकाट्याने साठवीत बसतो. आउटलुकच्या जुन्या धर्तीच्या आवृत्त्यांत आउटबॉक्समधील पत्र उघडून नुसते बंद केले, तरी त्याचा ‘पाठवावयाचे’ हा शिक्का निघून जातो. ते पुन्हा उघडून पाठवावे लागते. हे दोन्ही ठीक असेल, तर तेच खाते ब्राउझरमधून, म्हणजे ई-मेल सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन उघडावे व तेथून एक लहान पत्र स्वतःलाच पाठवून पाहावे. तेथून पत्र गेले, तर खाते व इंटरनेट दोन्ही शाबूत असून दोष बहुधा प्रोग्रॅमच्या मांडणीत आहे, असे समजावे. तेथूनही गेले नाही, तर खात्याची जागा भरली आहे काय, हे पाहावे. जीमेलच्या विनामूल्य खात्याला १५ गिगाबाईट जागा असते, तीत छायाचित्रे व इतर फायलीही धरल्या जातात, आणि ती भरली की पत्रे येणे व जाणे दोन्ही थांबते. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती ज्या खात्यात साठविल्या, त्याच खात्यावरून शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र न जाणे, यात अशक्य असे काही नाही.

दोष मांडणीत असेल तर जाणाऱ्या सर्व्हरचे नाव आणि पोर्टचा क्रमांक पाहावा. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या इमारतीचा क्रमांक दिलेला दरवाजा. पूर्वी सारी पत्रे २५ क्रमांकाच्या दरवाजाने जात. फसव्या पत्रांना आळा घालण्यासाठी इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्यांनी ग्राहकांसाठी हा दरवाजा बंद केला आहे. पत्रे स्वीकारण्यासाठी ५८७ हा वेगळा दरवाजा १९९८ मध्ये नेमून देण्यात आला, तर प्रारंभापासूनच गुप्तलेखनाच्या आवरणात बोलणाऱ्या ४६५ क्रमांकाची शिफारस २०१८ मध्ये झाली. यांपैकी कोणता चालेल, ते संबंधित ई-मेल सेवेच्या मदत-पानावर दिलेले असते. क्रमांकासोबत गुप्तलेखनाचा प्रकार आणि ‘जाणाऱ्या सर्व्हरसाठीही ओळख द्यावी’ ही नोंद जुळली पाहिजे. ही शेवटची नोंद राहून गेल्याची उदाहरणे फार.

येथे एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या तंत्रज्ञाने संगणक लावून देताना त्या वेळच्या इंटरनेट कंपनीचाच सर्व्हर जाणाऱ्या पत्रांसाठी लिहून ठेवलेला असतो. असा सर्व्हर पुष्कळदा स्वतःच्या जाळ्यातील ग्राहकांचीच पत्रे घेतो. संस्थेने दूरध्वनीची तार सोडून फायबर घेतले, किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालविले, की तो सर्व्हर परक्या जाळ्यातून आलेले पत्र नाकारतो. काल चालत होते ते आज का चालत नाही, याचे उत्तर अशा वेळी संगणकात न सापडता तारेत सापडते. सीमेवर मोबाईल कधी कागलकडील तर कधी निपाणीकडील मनोरा पकडतो, म्हणून पत्र जात नाही, असाही तर्क केला जातो. त्यात तथ्य नाही. मनोरा कोणत्या राज्यातील आहे, याच्याशी ई-मेलला कर्तव्य नसते. जोडणी मध्येच तुटली तर मात्र मोठी फाईल अर्ध्यावर अडते.

परवलीचा शब्द बरोबर असूनही

अलीकडच्या वर्षांत सर्वाधिक गोंधळ झाला तो ओळख पटविण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलामुळे. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव व परवलीचा शब्द घेऊन येणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमना प्रवेश देणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक डॉट कॉम व हॉटमेल या वैयक्तिक खात्यांसाठी असाच निर्णय १६ सप्टेंबर २०२४ पासून अमलात आणला. परिणामी परवलीचा शब्द अचूक असतानाही ‘तो चुकीचा आहे’ असा संदेश पडद्यावर येतो आणि वापरणारा पुनःपुन्हा तोच शब्द टंकित करीत बसतो.

नव्या पद्धतीचे मर्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सहज समजेल. वखारीचा मालक हमालाच्या हाती तिजोरीसकट साऱ्या वखारीच्या किल्ल्या देत नाही. अमुक गाडीत अमुक बोदे चढवावे, एवढीच चिठ्ठी देतो. त्याचप्रमाणे प्रोग्रॅम आता खातेदाराला थेट सेवेच्या पानावर नेतो, खातेदार तेथे आपली ओळख पटवितो, आणि सेवा त्या प्रोग्रॅमला तेवढ्यापुरती परवानगीची चिठ्ठी देते. परवलीचा शब्द प्रोग्रॅमच्या हाती पडतच नाही. चिठ्ठी केव्हाही रद्द करता येते. या पद्धतीला ‘ओऑथ’ असे नाव असून थंडरबर्ड व आउटलुक यांच्या अलीकडील आवृत्त्यांना ती अवगत आहे. आलेल्या पत्रांसाठी ती निवडली, तरी जाणाऱ्या सर्व्हरच्या मांडणीत ती पुन्हा निवडावी लागते, ही गोष्ट थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी विसरू नये.

प्रोग्रॅम जुना असेल, तर गुगलच्या खात्यासाठी सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ काढता येतो. त्यासाठी खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असावी लागते. मात्र खात्याचा मूळ परवलीचा शब्द बदलला, की असे सारे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. शाळेत नवे मुख्याध्यापक रुजू झाले, त्यांनी दक्षता म्हणून परवलीचा शब्द बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यालयाच्या संगणकावरील पत्रे अडली, तर त्याचे कारण हे. दुहेरी पडताळणीचा मोबाईल क्रमांक निवृत्त झालेल्या लिपिकाचा असणे, ही तर सार्वत्रिक अडचण होय. पदभार देताना दप्तर, शिक्के आणि किल्ल्या यांच्या यादीत या क्रमांकाचीही नोंद व्हावयास हवी. आज ती क्वचितच होते.

घड्याळ आणि म्हातारा संगणक

मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, संगणक सुरू होतो, आणि पत्रे जात नाहीत. मांडणीत कोणी हात घातलेला नसतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. संगणकाच्या मुख्य पाटीवर नाण्याएवढा सपाट सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालविण्याचे काम तो करतो. सेल संपलेला असेल आणि विजेचे बटण महिनाभर बंद राहिले असेल, तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवितो, त्यावर ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसल्याने तो सर्व्हरवर विश्वास ठेवीत नाही व जोडणी तोडतो. इंटरनेटवरून घड्याळ आपोआप लागते हे खरे, परंतु अंतर फार मोठे असल्यास ते लागेलच असे नाही. तारीख हाताने दुरुस्त करावी आणि ‘सीआर २०३२’ या क्रमांकाचा सेल बदलावा. अनेक संगणकांत हाच सेल लागतो, आणि घड्याळजीकडेही तो मिळतो. एवढ्यासाठी संगणक बेळगावला नेण्याचे प्रयोजन नाही.

संगणकाच्या वयाचाही प्रश्न आहेच. गुप्तलेखनाच्या ‘टीएलएस’ पद्धतीच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये रीतसर कालबाह्य ठरविण्यात आल्या. विंडोज एक्सपीबरोबर येणाऱ्या आउटलुक एक्सप्रेसला नवी आवृत्ती समजत नाही; तो कितीही ओळखीचा वाटला, तरी आजच्या बहुतेक सर्व्हरशी त्याचे बोलणे होऊ शकत नाही. विंडोजबरोबर मिळणाऱ्या ‘मेल’ या प्रोग्रॅमची सेवा ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली आणि त्यानंतर त्यातून पत्रे पाठविता येत नाहीत. येथे दुरुस्तीत वेळ घालविण्यापेक्षा प्रोग्रॅम बदलणे श्रेयस्कर. मात्र जुने खाते काढून टाकण्याची घाई करू नये. ‘पॉप’ पद्धतीने उतरविलेली पत्रे सर्व्हरवर शिल्लक नसण्याचा संभव असतो. ती फक्त त्या संगणकातच असतात आणि खात्याबरोबर दहा वर्षांचा आवक-जावक पुसला जातो. आधी प्रत काढावी.

पडद्यावरील आकडा

सर्व्हर पत्र नाकारताना तीन अंकी आकडा देतो. भोवतालचा इंग्रजी मजकूर न समजला तरी आकडा टिपून घ्यावा. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती असून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ५ असेल तर काही दुरुस्त केल्यावाचून पत्र जाणार नाही. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, ५५२ म्हणजे पत्राचा आकार मर्यादेबाहेर. ५५० बहुधा पत्ता अस्तित्वात नसल्याचे सुचवितो. टपाल खात्याचा पोस्टमन बेळगाव, बेळगावी, बेलगाम असे काहीही लिहिले तरी पत्र पोहोचवितो. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतरीत्या बदलले म्हणून कोणाचे पत्र परत गेले नाही. ई-मेलचा सर्व्हर एवढा उदार नाही. पत्त्यात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर पत्र परत तरी येते किंवा भलत्याच्याच हाती पडते.

आकाराच्या बाबतीत असे की, जीमेलची मर्यादा २५ मेगाबाईट आहे आणि कित्येक कार्यालयांची त्याहून कमी. शिवाय सोबतची फाईल प्रवासासाठी अक्षरांत रूपांतरित होताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. दाखल्यांच्या छायाप्रती रंगीत व अतिसूक्ष्म न काढता करड्या रंगात, २०० डीपीआयवर काढल्या तर त्या वाचनीय राहतात आणि पत्रही जाते.

कधी उलटही घडते. पत्र पोहोचलेले असते, परंतु त्याची प्रत ‘सेंट’ या कप्प्यात ठेवताना प्रोग्रॅम अडखळतो व त्रुटीचा संदेश दाखवितो. गेले नाही असे समजून तोच अर्ज चार वेळा पाठविला जातो आणि कार्यालयात चार आवक क्रमांक पडतात. म्हणून पुन्हा पाठविण्यापूर्वी ब्राउझरमधून खाते उघडून खात्री करावी. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर प्रोग्रॅमची दुरुस्ती बाजूला ठेवून पत्र ब्राउझरमधूनच पाठवावे, परत आलेला कोणताही संदेश न पुसता जपून ठेवावा, आणि संबंधित कार्यालयाकडून पोच मागवून घ्यावी.