अडॅप्टर गेला म्हणजे फोटो गेले असं नाही! स्टोरेज बॉक्सचा अडॅप्टर बदलण्याआधी हे वाचा

हल्ली तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत, शाळेत आणि काही घरांतही वायफाय राउटरशेजारी एक छोटा काळा-पांढरा डबा दिसतो. आत हार्ड डिस्क असते. लग्नाचे व्हिडिओ, पोरांचे फोटो, सातबारा-फेरफारचे स्कॅन, दुकानाचा हिशोब असं सगळं त्यात साठवायचं आणि घरातल्या कुणाच्याही मोबाईलवर बघायचं. याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. काहीजण नुसतं ‘नॅस’ही म्हणतात.

एक दिवस वळवाचा पाऊस येतो, लाईट जाते, पुन्हा येते आणि हा डबा काही चालू होत नाही. घरात एकच घबराट, ‘सगळे फोटो गेले!’ पण थांबा. अशा वेळी अनेकदा बिघाड डब्यात नसतोच. तो असतो भिंतीतल्या सॉकेटला लावलेल्या अडॅप्टरमध्ये. अडॅप्टर बदलला की डबा पुन्हा चालू होतो. मात्र चुकीचा अडॅप्टर लावला तर चांगली डिस्कही जळू शकते. म्हणून दुकानात जाण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा.

अडॅप्टर का जातो?

आपल्या घरात २३० व्होल्टची एसी वीज येते. डब्याला लागते १२ व्होल्टच्या आसपासची डीसी वीज. हे रूपांतर अडॅप्टर करतो, तेही दिवसरात्र, कारण हा डबा सहसा कुणी बंद करत नाही. आत कपॅसिटर नावाचे छोटे डबीसारखे भाग असतात. उष्णतेने ते हळूहळू सुकतात. त्यात पत्र्याचं घर, उन्हाळा आणि गादीमागे किंवा कपाटामागे कोंबलेला अडॅप्टर असला, तर आयुष्य आणखी कमी. वर व्होल्टेज कमी-जास्त होणं, लाईट येताना बसणारा झटका आणि विजांचा कडकडाट आहेच.

बिघाड अडॅप्टरमध्येच आहे, हे कसं ओळखायचं?

१. आधी सॉकेट तपासा. त्याच ठिकाणी मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्जिंग होत नसेल तर दोष सॉकेटचा किंवा एक्स्टेन्शन बोर्डाचा.

२. अडॅप्टरवर छोटी लाईट असेल तर ती बघा. अजिबात लागत नसेल किंवा लुकलुकत असेल तर संशय पक्का. डब्याची पिन काढल्यावर लाईट स्थिर लागते आणि पिन लावली की लुकलुकते, असं होत असेल तर एकतर अडॅप्टर कमजोर झालाय किंवा डब्यात शॉर्ट आहे.

३. वायर बघा, खास करून पिनेजवळ. तिथेच ती वाकून वाकून आतून तुटते.

४. डब्याची लाईट लागते, पण डिस्क फिरल्याचा आवाज येत नाही, किंवा डबा सारखा आपोआप बंद-चालू होतो. हे कमजोर अडॅप्टरचं नेहमीचं लक्षण. मोठी हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा काही सेकंद तिला नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज लागते. म्हातारा अडॅप्टर तिथेच मान टाकतो.

गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतो. डीसी २० व्होल्टवर ठेवून पिन तपासायला सांगा. १२ व्होल्टच्या अडॅप्टरने साधारण ११.४ ते १२.६ दाखवायला हवं. पण एक लक्षात ठेवा, रिकामा असताना बरोबर व्होल्ट दाखवणारा अडॅप्टरही डब्याचा भार आल्यावर पडू शकतो. खात्री हवी असेल तर तेवढ्याच क्षमतेचा दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघणं हाच उपाय.

लेबल वाचायला शिका

अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. इनपुटसमोर बहुतेक १०० ते २४० व्होल्ट असतं, म्हणजे आपल्या लाईटवर चालतो. आपल्याला महत्त्वाचं आहे ते आउटपुट. त्यात चार गोष्टी बघायच्या.

व्होल्ट: हा आकडा तंतोतंत तोच हवा. १२ असेल तर १२च. लॅपटॉपचा अडॅप्टर अनेकदा १९ व्होल्टचा असतो आणि काहींची पिन डब्यात बसतेही. पिन बसली म्हणून लावू नका. डिस्क आणि सर्किट दोन्ही जातील.

अँपिअर: हा आकडा जुन्याइतका किंवा त्याहून जास्त चालतो, कमी चालत नाही. शेतातलं उदाहरण घ्या. व्होल्ट म्हणजे ठिबकच्या नळीतला दाब. तो जास्त झाला तर नळी फुटते. अँपिअर म्हणजे विहिरीतलं पाणी. ते जास्त असलं तरी पीक हवं तेवढंच घेतं, पण कमी पडलं तर सुकतं. म्हणून २ अँपिअरच्या जागी ३ अँपिअरचा लावला तर काही बिघडत नाही. १ अँपिअरचा लावला तर डबा चालणार नाही, किंवा अडॅप्टर तापून जाईल.

डीसी की एसी: आउटपुटसमोर एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी रेघ असेल तर एसी. आउटपुट एसी असलेला अडॅप्टर डीसीच्या डब्याला अजिबात लावायचा नाही.

पिनेचं प्लस-मायनस: लेबलवर मध्ये ठिपका आणि भोवती अर्धगोल असं छोटं चित्र असतं. मधल्या ठिपक्याला अधिकचं चिन्ह जोडलेलं असेल तर पिनेच्या आत प्लस. बऱ्याच डब्यांना असंच लागतं, पण अंदाजावर जाऊ नका. जुन्या आणि नव्या अडॅप्टरवरचं चित्र सारखंच हवं.

पिनेचं मापही बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या पिना सगळ्यात जास्त दिसतात, पण त्यातही आतलं भोक २.१ आणि २.५ मिलिमीटर अशा दोन मापांत येतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. चुकीची पिन एकतर बसत नाही, किंवा ढिली बसते आणि हलली की डबा बंद पडतो. चालू काम करताना असं वारंवार झालं तर फाईली खराब होतात. काही मोठ्या डब्यांना गोल चार काट्यांची पिन असते. तिथे कंपनीचाच अडॅप्टर घेतलेला बरा.

‘राउटरचा लावून बघू का?’

हा प्रश्न हमखास येतो. घरातल्या अनेक राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो, पण १ अँपिअरचाच. काही ९ व्होल्टचेही असतात. व्होल्ट जुळले तरी अँपिअर कमी पडल्यामुळे डब्याची लाईट लागेल, डिस्क मात्र फिरणार नाही. मग माणूस समजतो, डिस्कच गेली. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा अडॅप्टर तपासण्यापुरता चालू शकतो, पण वरच्या सगळ्या गोष्टी जुळल्या तरच.

दुकानात काय सांगायचं?

जुना अडॅप्टर सोबतच न्या. डब्याच्या खालच्या बाजूला मॉडेल नंबर असतो, त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. जुना अडॅप्टर हरवला असेल तर त्या मॉडेलला किती व्होल्ट, किती अँपिअर लागतात हे कंपनीच्या वेबसाईटवर बघता येतं. ‘बारा व्होल्टचा द्या’ एवढंच सांगू नका. डबा वॉरंटीत असेल तर आधी बिल शोधा. सोबत आलेला अडॅप्टरही अनेकदा वॉरंटीत धरला जातो.

अशा अडॅप्टरला आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी ॲप मोबाईलवर घ्या, त्यात हा नंबर टाकला की तो खरा की खोटा ते दिसतं. शे-दोनशे रुपये वाचवायला लेबल नसलेला अडॅप्टर घेऊ नका. पक्कं बिल मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

या तीन गोष्टी करू नका

पहिली, अडॅप्टर फोडून दुरुस्त करू नका. सॉकेटमधून काढल्यावरही आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपासचा चार्ज काही काळ राहू शकतो. जीवावर बेतेल.

दुसरी, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावायची घाई करू नका. बहुतेक डब्यांतली डिस्क विंडोजला ओळखता येत नाही. मग स्क्रीनवर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं जातं. तिथे ‘हो’ दाबलं की खरं नुकसान सुरू होतं.

तिसरी, दोन डिस्कचा डबा असेल तर डिस्कच्या जागा अदलाबदल करू नका.

नवा अडॅप्टर लावल्यावर

आधी पिन डब्यात घट्ट बसवा, मग अडॅप्टर सॉकेटला लावून स्विच चालू करा. डबा पूर्ण सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. अर्ध्या तासाने अडॅप्टरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

डबा चालू झाला की पहिलं काम म्हणजे महत्त्वाचे फोटो आणि कागद दुसऱ्या एका हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राईव्हवर उतरवून घ्या आणि ती कॉपी वेगळी ठेवा. डब्यात दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात. विजा चमकायला लागल्या की डबा ॲपमधून बंद करा, मग अडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि राउटरकडून येणारी नेटची वायरही काढा. लाईट सारखी जात असेल तर डबा इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या लाईनवर घ्या. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसचे अँपिअर आधी तपासा, डब्याला ते पुरतीलच असं नाही.

आणि एक काम आजच करून ठेवा. घरातल्या राउटर, डीव्हीआर, सेट टॉप बॉक्स आणि स्टोरेज बॉक्स या सगळ्यांच्या अडॅप्टरच्या लेबलांचे मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. लेबलवरची अक्षरं काही वर्षांत पुसली जातात. अडॅप्टर जाईल त्या दिवशी हाच फोटो दुकानदाराला दाखवता येईल.